वीस कलाकृतींचा खोका आणि घरातली रद्दी

हिवाळी सुट्टी जवळ आली की मुलांना गुंतवून ठेवणाऱ्या तयार हस्तकला-संचांच्या जाहिराती दिसू लागतात, आणि त्यांतलाच एक संच यंदा आमच्या घरी आला. झाकणावर ‘२० कलाकृती, वय वर्षे ३ आणि पुढे’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. आत जाड रंगीत कागदाचे ३० ताव, आधीच कापलेल्या कागदी पट्ट्या, चमकीच्या ४ कुप्या, कापसाचे गोळे, लोकर गुंडाळलेल्या वाकणाऱ्या तारा, चिकटवायचे हलते डोळे, गोंदाची बाटली, दोन कात्र्या, बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारे ४ छोटे दिवे, ‘स्फटिक’ एवढेच नाव असलेली पांढऱ्या भुकटीची पुडी आणि २४ पानांची पुस्तिका निघाली. नऊ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू यांच्याबरोबर मी सलग दहा दुपारी हा संच वापरला. परीक्षण करायचे तर तुलनेला काहीतरी हवे, म्हणून प्रत्येक वस्तू एकदा संचातल्या सामानातून आणि एकदा रद्दी, पुठ्ठा, सुतळी, उरलेली लोकर, रिकाम्या बरण्या अशा घरात सापडेल त्यातून करायची, असा नियम आम्ही घालून घेतला. नियम नातीने सुचवला आणि तो पाळताना सर्वांत जास्त कुरकुर मी केली, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

संच बनवणाऱ्यांनी सामान निवडताना ते खोक्यात कसे दिसेल याचा पुष्कळ विचार केला आहे; कात्रीखाली, गोंदाखाली आणि पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांत ते कसे वागेल याचा मात्र फारसा केलेला नाही. हे माझे मत पहिल्याच दुपारी, कागदी हिमकण कापताना तयार झाले आणि पुढे थोडेफारच बदलले.

झाकणावरच्या चित्रातला हिमकण सहा टोकांचा आहे. पुस्तिकेत दिलेली घडी मात्र चौकोन अर्धा करा, पुन्हा अर्धा करा, मग तिरका दुमडा, अशी आहे आणि तिच्यातून निघणारी आकृती चार बाजूंची, फार तर आठ टोकांची होते. खरा हिमकण कधीच असा नसतो. पाण्याचे रेणू गोठताना षट्कोनी जाळीत बसतात, म्हणून त्याला सहा भुजा फुटतात. हिमकण नेहमी षट्कोनीच का, या प्रश्नावर जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांनी १६११ साली एक छोटी पुस्तिका लिहिली होती; पूर्ण उत्तर त्यांना देता आले नाही, पण प्रश्न अचूक विचारला. पुढे अमेरिकेतल्या व्हरमाँटचे शेतकरी विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एकट्या हिमकणाचे छायाचित्र घेतले आणि आयुष्यभरात अशी ५,००० हून अधिक छायाचित्रे काढली. इतके सगळे उपलब्ध असताना मुलांच्या हाती चुकीची घडी देण्याचे कारण मला एकच दिसते: ती छापायला सोपी आहे.

बरोबर घडी अवघड मुळीच नाही. कागद एकदा अर्धा दुमडावा, दुमडलेल्या कडेचा मध्यबिंदू बोटाने दाबून धरावा आणि तिथून दोन्ही बाजू शंकूसारख्या एकमेकींवर आणाव्यात, म्हणजे सरळ कोनाचे ६० अंशांचे तीन भाग होतात. कडा जुळेपर्यंत घडी सरकवत राहायचे आणि जुळल्यावरच नखाने दाबायची. मग ती पुन्हा अर्धी केली की ३० अंशांची निमुळती पाचर हातात येते आणि कागदाचे १२ थर एकावर एक बसतात. इथे संचातला कागद आडवा येतो. पुस्तिकेच्या मागच्या बाजूला तो १६० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचा असल्याचे अभिमानाने लिहिले आहे. छपाईचा साधा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे त्याचे १२ थर सव्वा मिलिमीटरच्या आसपास होतात. संचातल्या कागदाचे त्याच्या दुप्पट होतात आणि घडीचा फुगवटा वेगळाच. बोथट टोकाच्या लहान कात्रीने ते कापले जात नाहीत, चावले जातात. नातवाने दोन्ही हातांनी कात्री धरली, जीभ बाहेर काढून जोर लावला, आणि वरचे पाच-सहा थर फाटून खालचे तसेच राहिले. उघडल्यावर एका बाजूला नक्षी आणि दुसऱ्या बाजूला दातांचे व्रण, असा तो हिमकण होता.

त्याच घडीने वर्तमानपत्राचा चौकोन दुमडला तेव्हा १२ थर मिळूनही जाडी एक मिलिमीटरच्या आत राहिली आणि तीच कात्री सुरळीत चालली. वर्तमानपत्राचा राखाडी रंग खोक्यात शोभणार नाही हे मान्य, पण खिडकीच्या काचेवर, प्रकाशाच्या विरुद्ध बाजूने पाहताना कागदाचा रंग दिसतच नाही, फक्त छिद्रे दिसतात. एक सूचना पुस्तिकेने द्यायला हवी होती आणि दिलेली नाही: दुमडलेल्या दोन्ही कडा कुठेतरी अखंड राहिल्या पाहिजेत. नातवाने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार कात्री चालवली आणि घडी उलगडताच मधले फूल गळून खाली पडले. “आजोबा, याचं पोटच पडलं,” असे म्हणून त्याने ते फूल उचलले आणि वेगळे चिकटवले. पुढच्या पाचरीवर नातीने पेन्सिलीने दोन्ही कडांना एकेक ठिपका दिला आणि ‘इथे कापायचं नाही’ असे बजावले. २४ पानांत न सापडलेली सूचना ती हीच.

गोंदाबद्दल थोडक्यात सांगतो. बाटलीतला गोंद पांढरा, पाण्यात मिसळणारा आणि वाईट नाही, पण तो वाळतो तो त्यातले पाणी निघून गेल्यावर, आणि संचातल्या कागदावर गुळगुळीत लेप असल्यामुळे पाणी आत शोषले जात नाही. परिणामी चिकटवलेला डोळा दहा मिनिटांनीही घसरून गालावर येतो, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या संयमाची मर्यादा दहा मिनिटांच्या बरीच अलीकडे असते. खडबडीत पुठ्ठ्यावर आणि वर्तमानपत्रावर तोच गोंद झटपट धरतो. बाटलीची तोटी तिसऱ्या दिवशी बंद पडली ती टाचणीनेही उघडली नाही, तेव्हा आम्ही खळ शिजवली. एक वाटी मैद्याला चार ते पाच वाट्या पाणी लागते. थोड्या थंड पाण्यात मैदा आधी गुठळ्या न राहता कालवून घ्यायचा, मग उरलेले पाणी घालून मंद आंचेवर सतत ढवळायचे. ६० अंश सेल्सियसच्या आसपास पिठातल्या स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि पांढरे पाणी बघता बघता दाट, अर्धपारदर्शक होते. तो क्षण मुलांना दुरून दाखवण्यासारखा आहे. ढवळण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे. ही खळ दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून थोडीच करावी. पुस्तकांची बांधणी करणारे लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे आणि मुलांच्या खळीत त्याला जागा नाही.

चमकीच्या कुप्या मी उघडूच दिल्या नाहीत, यावरून घरात नाराजी झाली. ही चमकी म्हणजे प्लॅस्टिकचे सूक्ष्म तुकडे असतात, ते जमिनीवरून झाडूने निघत नाहीत आणि पाण्यावाटे पुढे जातात. युरोपीय संघाने सूक्ष्म प्लॅस्टिकवरच्या निर्बंधांत सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून बंदी घातली ती याच कारणाने. ओल्या खळीवर जाडे मीठ भुरभुरले तर तीही चमक छान येते. पण मीठ हवेतला ओलावा ओढते आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की अक्षरशः पाझरू लागते, त्यामुळे दमट हवेत ही सजावट ओघळते. आमची ओघळली. दुसऱ्या खेपेला पांढऱ्या कागदाला पंचने भोके पाडून पडलेल्या टिकल्या वापरल्या. त्या चमकत नाहीत, पण जागच्या हलतही नाहीत.

आता ज्या दोषाकडे डोळेझाक करता येत नाही तो सांगतो. संचातले छोटे दिवे कागदी कंदिलात ठेवण्यासाठी आहेत आणि त्यांच्या तळाचे झाकण नुसत्या नखाने उघडते. आत २० मिलिमीटर व्यासाचा चपटा लिथियम सेल असतो. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या ऊतीतून वीज वाहू लागते, सेलच्या ऋण टोकाशी तीव्र अल्कली, म्हणजे ऊती जाळणारा दाहक पदार्थ, तयार होते आणि दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. म्हणूनच खेळण्यांच्या सुरक्षा-मानकांत अशा सेलचे कप्पे स्क्रूने बंद असावेत किंवा तत्सम साधनाशिवाय उघडू नयेत, अशी अट असते. ‘वय वर्षे ३ आणि पुढे’ असे लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. चारही दिवे मी त्याच दिवशी कपाटात वर ठेवून दिले. पुठ्ठ्याच्या कंदिलाला खिडक्या कापून, मागे पातळ कागद लावून तो आम्ही दिवसा उन्हात ठेवला. रात्री उजळणारा कंदील नातवाला हवा होता तो त्याला मिळाला नाही, आणि याबद्दल त्याचे मत माझ्यापेक्षा प्रतिकूल आहे.

हलत्या डोळ्यांचेही तसेच. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी लहान भाग तपासायची जी प्रमाणित नळी आहे तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकण्याजोगी मानतात. स्वच्छतागृहातल्या कागदाच्या गुंडाळीची पुठ्ठ्याची नळी त्याहून थोडी रुंद असते, त्यामुळे तिच्यातून जे आरपार जाते ते घरातल्या रांगत्या मुलापासून दूर ठेवावे, असा सोपा आणि थोडा अधिक कडक नियम करता येतो. याच नळ्यांपासून हिममानव, पेंग्विन आणि घरे करायची असल्यामुळे तपासणीचे साधन टेबलावरच असते. नळीची कलाकुसर मुलांना आवडली, माझ्याकडे तिच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही: नळी पांढऱ्या कागदात गुंडाळा, डोळे काढा, मोज्याचा तुकडा टोपी म्हणून चढवा. लोकरीचे गोंडेही असेच. पुठ्ठ्याच्या दोन कड्यांवर लोकर भरपूर गुंडाळून कडेने कापायची आणि मध्ये घट्ट गाठ मारायची. लोकर कमी गुंडाळली की गोंडा टक्कल पडल्यासारखा दिसतो, एवढीच काय ती गोम.

सर्वांत जास्त वेळ आम्ही स्फटिकांवर घालवला आणि तो वेळ सत्कारणी लागला, जरी संचामुळे नव्हे. पुस्तिका सांगते की तारेचा तारा करा, पुडीतली भुकटी गरम पाण्यात विरघळवा, तारा त्यात लटकवा आणि पाणी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी तारा स्फटिकांनी झाकलेला असेल. सकाळी तारा ओला होता, बाकी काही नाही. पाण्याचा एक थेंब बशीत वाळवून भिंगाखाली पाहिला तर चौकोनी कण दिसले, त्यावरून भुकटी म्हणजे खायचे मीठ असावे असे माझे अनुमान आहे. आणि मीठ असेल तर ही कृती फसणारच. १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला सुमारे ३५.७ ग्रॅम मीठ विरघळते आणि उकळत्या पाण्यात सुमारे ३९ ग्रॅम. म्हणजे पाणी थंड झाल्याने मीठ जवळजवळ बाहेर पडतच नाही. मिठाचे स्फटिक पाणी उडून गेल्यावर मिळतात, आणि त्यासाठी एका रात्रीऐवजी कित्येक दिवस लागतात.

तुरटीचे याच्या अगदी उलट आहे. १०० मिलिलिटर पाण्यात २० अंशांना सुमारे १४ ग्रॅम तुरटी विरघळते आणि ५० अंशांना सुमारे ३७ ग्रॅम, त्यामुळे पाणी निवत जाते तशी जास्तीची तुरटी स्फटिक होऊन बाहेर पडते. आम्ही २०० मिलिलिटर कढत पाण्यात ७० ग्रॅम कुटलेली तुरटी विरघळवली, पाणी फडक्यातून गाळून काचेच्या बरणीत ओतले आणि तारेच्या चांदणीला खरखरीत लोकर गुंडाळून ती पेन्सिलीला बांधून आत सोडली. चांदणी बरणीच्या भिंतीला किंवा तळाला टेकू द्यायची नाही. गुळगुळीत तारेपेक्षा लोकरीच्या तंतूंवर स्फटिकाला धरायला जागा मिळते. जपानी शास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण वाढवला तोही सशाच्या केसाच्या टोकावर, हे मी नातीला सांगितले, तेव्हा तिने स्वेटरमधला सर्वांत केसाळ धागा निवडला. बरणीला जुना टॉवेल गुंडाळून ठेवला, कारण पाणी जितके हळू निवते तितके स्फटिक मोठे होतात. घाई केली तर साखरेसारखा बारीक थर मिळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल सोडला तेव्हा चांदणीच्या पाचही टोकांवर मसुराएवढे, काही ठिकाणी वाटाण्याएवढे काचेसारखे खडे धरले होते आणि तळाशी त्यांचा एक जाड थर बसला होता. एक सुटा खडा नातवाच्या तळहातावर ठेवून भिंगातून दाखवला. तुरटीचा स्फटिक अष्टफलक असतो, दोन चौरस पिरॅमिड तळाला तळ लावून जोडल्यासारखा, आणि प्रत्येक बाजू त्रिकोणी. नातवाने ‘चारच आहेत’ म्हणून खडा उलटा केला आणि उरलेले चार मोजले. चांदणी गार पाण्यात बुचकळू नये, पुसून वाळवावी. तुरटी चाखू द्यायची नाही आणि नंतर हात धुवायचे, एवढी काळजी पुरते. याच कृतीसाठी पुष्कळ ठिकाणी बोरॅक्स (टाकणखार) सुचवतात, त्याचे स्फटिक लवकर येतात हे खरे. पण युरोपात बोरॅक्सची गणना प्रजननाला अपायकारक पदार्थांत होते, आणि तुरटी उपलब्ध असताना तो मुलांच्या हाती देण्याचे मला कारण दिसत नाही.

संचाच्या बाजूने दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या पाहिजेत. कात्र्या उत्तम आहेत: टोके गोल, पात्यांची धार शेवटपर्यंत सारखी, आणि डाव्या हाताने काम करणाऱ्या नातीसाठी त्यांतली एक खरोखरच डावखुरी निघाली, म्हणजे नुसती मूठ नव्हे तर पातीही उलटी बसवलेली. अशी कात्री घरात सहसा नसते. दुसरी गोष्ट कागदी पट्ट्या. बालवाडीचे जनक फ्रीड्रिख फ्रोबेल यांच्या नावाने ओळखला जाणारा चार पट्ट्यांचा विणलेला तारा करायचा तर पट्टीची लांबी रुंदीच्या सुमारे ३० पट हवी आणि चारही पट्ट्या तंतोतंत सारख्या हव्यात. संचातल्या दीड सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर लांब पट्ट्या यंत्राने कापलेल्या असल्यामुळे विणीच्या फटीतून अलगद सरकतात. मी पट्टी लावून, पेन्सिलीने आखून, चांगला तासभर घालवून मासिकाच्या पानांतून तशा पट्ट्या कापल्या. त्यांतली एक अर्ध्या मिलिमीटरने रुंद झाली आणि शेवटच्या फटीत फाटली. इथे घरचे सामान हरले. तरीही पाच वर्षांच्या मुलासाठी हा तारा नाहीच. नातीलाही तिसऱ्या प्रयत्नात जमला, तोही मी तोंड बंद ठेवल्यावर.

२० कलाकृती हा आकडा मोजून पाहिला. सात नळीच्या बाहुल्या आहेत, त्यांत फक्त रंग आणि डोळे बदलतात. पाच कागद कापायच्या आहेत आणि चार एकाच साखळीचे प्रकार. खरोखर वेगळी तंत्रे सहा-सात भरतील. ज्यांच्या घरी कात्री धड नाही आणि पट्ट्या कापायला सवड नाही, त्यांनी संच घ्यावा, दिवे त्याच दिवशी बाजूला काढावेत, भुकटीची पुडी विसरावी आणि जाड कागद हिमकणांऐवजी साखळ्यांसाठी वापरावा, त्यासाठी तो चांगला आहे. मूल तीन-चार वर्षांचे असेल तर मी घेऊ नका असेच सांगेन. घरात रद्दी, लोकर, पुठ्ठा आणि तुरटी असेल तर फक्त एक चांगली मुलांची कात्री वेगळी आणली तरी सुट्टीभर पुरते.

दहा दिवसांत आमच्या १८ कलाकृती झाल्या. उरलेल्या दोन गरम गोंदाच्या बंदुकीशिवाय होत नाहीत, असे पुस्तिकेच्या २३व्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले आहे, आणि ती बंदूक संचात दिलेली नाही.